डेटा सफिशियन्सी आणि सरासरी वेग : सोडवायचं कमी, ठरवायचं जास्त!



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात कविता भरपूर येतात, प्रवासवर्णनं येतात, 'आई' या विषयावर तर दोन-तीन लेख हमखास असतात. गणितावर मात्र कुणी लिहीत नाही. गणित म्हटलं की ते इंग्रजी विभागाकडे! या वेळी मी मुद्दाम उलटं करायचं ठरवलं. विषय आहे प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्टमधला, डेटा सफिशियन्सी. मराठीत सांगायचं तर 'माहिती पुरेशी आहे का?' हे ओळखण्याचे प्रश्न. आणि त्यातही सरासरी वेगाचे.

मराठीतच का, तर त्याला कारण आहे. माझी रूममेट मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग लातूरला अकरावी-बारावी, म्हणजे पक्की 'लातूर पॅटर्न'. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. पण मागच्या सेमिस्टरला एका प्रॅक्टिस टेस्टमध्ये डेटा सफिशियन्सीच्या दहा प्रश्नांना तिला बावीस मिनिटं लागली आणि पुढचा अख्खा सेक्शन तसाच राहिला. तिला गणित येत नव्हतं असं नाही. पर्यायांची इंग्रजी वाक्यं एवढी लांबलचक की दोनदा वाचावी लागतात, आणि गणित दिसलं की ते शेवटपर्यंत सोडवायचं ही तिची सवय. घरी एज्युकेशन लोन आहे, वडील फोनवर दर आठवड्याला 'कंपनी कधी येणार?' विचारतात. अशा मुलीची नोकरी दोन-चार लांब वाक्यांवर अडू नये असं मला मनापासून वाटतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ती वाक्यं मला सोपी जातात. गणिताच्या युक्त्या बऱ्याचशा तिच्याच. आम्ही दोघींनी मिळून जे जमवलं ते इथे लिहिते आहे.

हा प्रकार फक्त कंपन्यांच्या टेस्टमध्येच येतो असं समजू नका. यूपीएससीने २०११ पासून पूर्वपरीक्षेत जो सीसॅटचा पेपर आणला, त्याच्या अभ्यासक्रमात डेटा सफिशियन्सीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे आणि पातळी दहावीची आहे. बँकांच्या परीक्षांत हे प्रश्न येतात. जीमॅटमध्ये तर हा जुना, ठरलेला प्रकार आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या परीक्षेचं नवं रूप आलं तेव्हा तो डेटा इनसाइट्स या विभागात गेला, पण राहिला. म्हणजे एकदा शिकलं की खूप ठिकाणी कामाला येतं.

प्रश्न कसा असतो?

एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं असतात. आपल्याला उत्तर काढायचं नसतं. त्या विधानांवरून उत्तर निघू शकतं का, एवढंच सांगायचं असतं. पर्याय साधारण असे पाच :

पर्याय १ : एकटं विधान १ पुरेसं आहे, एकटं विधान २ पुरेसं नाही.
पर्याय २ : एकटं विधान २ पुरेसं आहे, एकटं विधान १ पुरेसं नाही.
पर्याय ३ : दोन्ही विधानं मिळून पुरेशी आहेत, पण कोणतंही एकटं पुरेसं नाही.
पर्याय ४ : प्रत्येक विधान एकएकटंही पुरेसं आहे.
पर्याय ५ : दोन्ही मिळूनही माहिती अपुरीच.

या सगळ्यात महत्त्वाचा शब्द एकच, 'एकटं'. इंग्रजी पेपरात 'अलोन' हा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. आणि हो, पर्यायांचा क्रम प्रत्येक परीक्षेत सारखाच असेल असं नाही. म्हणून सूचना आधी एकदा शांतपणे वाचायच्या. या लेखात मात्र मी वरचाच क्रम धरणार आहे.

आधी पाया : सरासरी वेग म्हणजे काय?

सूत्र सगळ्यांना पाठ आहे. सरासरी वेग = एकूण अंतर ÷ एकूण वेळ. बस्स, दुसरं सूत्र नाही. दोन वेगांची बेरीज करून दोनने भागणं म्हणजे सरासरी वेग नव्हे.

समजा एसटी नांदेडहून लातूरला ताशी ४० किमीने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमीने परत आली. सरासरी वेग ५० नाही, ४८ आहे. पडताळून बघा. अंतर १२० किमी धरा. जायला ३ तास, यायला २ तास. एकूण २४० किमी, एकूण ५ तास. २४० ÷ ५ = ४८. का बरं कमी आला? कारण बस हळू वेगात जास्त वेळ होती. अंतर सारखं असलं की सरासरी नेहमी हळू वेगाकडे झुकते. ५० कधी आला असता? बस ४० ने जेवढा वेळ चालली तेवढाच वेळ ६० ने चालली असती तर. म्हणजे सारखी वेळ असेल तर साधी सरासरी चालते, सारखं अंतर असेल तर चालत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे.

इथे भाषेची एक गंमत सांगते. मराठी मीडियमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'चाल' आणि 'वेग' हे दोन वेगळे शब्द आहेत. चाल म्हणजे कापलेलं अंतर भागिले वेळ, आणि वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ. मला 'चाल' म्हटलं की गाण्याची चाल आठवायची. हा अर्थ रूममेटकडून कळला. या हिशेबाने नांदेडहून लातूरला जाऊन परत नांदेडला आलं की विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य! आपण ॲप्टिट्यूडमध्ये ज्याला 'सरासरी वेग' म्हणतो ती खरं म्हणजे सरासरी चाल. बोलताना सगळे वेगच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते. पण फिजिक्सच्या सरांसमोर जपून!

अंतर म्हणजे प्रत्यक्ष कापलेलं अंतर, हेही लक्षात ठेवा. नांदेड-लातूर रस्त्याने लोहा, अहमदपूर, चाकूरवरून साधारण १३५ ते १४० किमी. तेच रेल्वेने पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालून गेलं की २०० किमीच्या पुढे जातं. गावं तीच, अंतर वेगळं.

उदाहरण पहिलं : अंतर लागतंच असं नाही

प्रश्न : बस नांदेडहून लातूरला गेली आणि त्याच रस्त्याने परत आली. संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?
विधान १ : जाताना वेग ताशी ४० किमी आणि येताना ताशी ६० किमी होता.
विधान २ : नांदेड ते लातूर अंतर १३५ किमी आहे.

बहुतेक जण इथे पर्याय ३ मारतात. वेग आहे, अंतर आहे, दोन्ही मिळून गणित सुटतं, मग झालं की! पण वर आपण १२० किमी स्वतःच धरले होते ना? त्याऐवजी २४० धरा, ६०० धरा, उत्तर ४८ च येतं. अंतर वर-खाली कटून जातं. म्हणजे विधान १ एकटंच पुरेसं. विधान २ मधून वेगाबद्दल काहीच कळत नाही. उत्तर पर्याय १.

या सापळ्याला आम्ही हॉस्टेलमध्ये 'गोड पर्याय' म्हणतो. पर्याय ३ नेहमी गोड दिसतो, कारण सगळी माहिती वापरल्याचं समाधान मिळतं. लातूर पॅटर्नमध्ये आपल्याला सवयच लागलेली असते की दिलेली प्रत्येक संख्या कुठेतरी वापरायची. इथे ती सवय बाजूला ठेवावी लागते.

उदाहरण दुसरं : एकूण अंतर असूनही अडतं

प्रश्न : जीप नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूरला गेली. सरासरी वेग किती?
विधान १ : नांदेड ते अहमदपूर वेग ताशी ४५ किमी आणि अहमदपूर ते लातूर ताशी ६० किमी होता.
विधान २ : एकूण अंतर १३५ किमी आहे.

विधान १ एकटं घ्या. दोन टप्प्यांचे वेग आहेत, पण टप्पे केवढे ते माहीत नाही. उत्तर ४५ आणि ६० च्या मध्ये कुठेतरी, एवढंच म्हणता येईल. विधान २ एकटं : वेगच नाही. आता दोन्ही मिळून? इथे घाई करू नका. आमची एक युक्ती आहे, तिला आम्ही 'दोन उत्तरांची परीक्षा' म्हणतो. विधानं खरी ठेवून दोन वेगळी उत्तरं आणून दाखवायचा प्रयत्न करायचा. आली, तर माहिती अपुरी.

पहिला टप्पा ९० किमी, दुसरा ४५ किमी धरा. वेळ २ तास अधिक पाऊण तास. १३५ ÷ २.७५ म्हणजे साधारण ४९. आता उलट, पहिला ४५ आणि दुसरा ९० किमी धरा. वेळ १ तास अधिक दीड तास. १३५ ÷ २.५ = ५४. दोन वेगळी उत्तरं आली! म्हणून पर्याय ५.

'पण अहमदपूर कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे की!' असं तुम्ही म्हणाल. आपल्याला माहीत आहे, प्रश्नाला नाही. त्यावर पुढे बोलूच.

आता विधान २ बदला. 'दोन्ही टप्प्यांचं अंतर सारखं आहे' असं लिहा. एकही किलोमीटर दिलेला नाही, तरी दोन्ही विधानं मिळून उत्तर निघतं. किंवा लिहा, 'दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागला.' तरी निघतं, ५२.५. म्हणजे १३५ या संख्येने जे काम केलं नाही ते 'सारखं' या एका शब्दाने केलं. आपल्याला किलोमीटर नको असतात, टप्प्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण हवं असतं. हेच या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

उदाहरण तिसरं : 'नाही' हेही उत्तरच आहे

प्रश्न : १३५ किमीच्या प्रवासात बसचा सरासरी वेग ताशी ५० किमीपेक्षा जास्त होता का?
विधान १ : प्रवासाला ३ तासांपेक्षा जास्त वेळ लागला.
विधान २ : प्रवासाला ४ तासांपेक्षा कमी वेळ लागला.

विधान १ वरून सरासरी वेग ४५ पेक्षा कमी. म्हणजे ५० पेक्षा जास्त नक्कीच नव्हता. उत्तर ठाम 'नाही'. काही जण 'नाही' आलं की विधान अपुरं असं मानतात. पण आपल्याला विचारलंय की उत्तर ठरतं का. इथे ते ठरलं, म्हणून विधान १ पुरेसं. विधान २ वरून वेग ३३.७५ पेक्षा जास्त एवढंच कळतं. तो ४० असेल, ५५ही असेल. कधी 'हो', कधी 'नाही', म्हणून अपुरं. उत्तर पर्याय १.

थोडक्यात, ठाम 'हो' चालतं, ठाम 'नाही' चालतं, 'बहुतेक' चालत नाही.

उदाहरण चौथं : वर्गसमीकरणाला घाबरू नका

प्रश्न : एक गाडी १५० किमी अंतर एकसारख्या वेगाने गेली. वेग किती?
विधान १ : वेग ताशी १० किमीने जास्त असता तर गाडी ३० मिनिटं आधी पोचली असती.
विधान २ : वेग ताशी १० किमीने कमी असता तर गाडी ४५ मिनिटं उशिरा पोचली असती.

विधान १ वरून समीकरण मांडलं तर ते वर्गसमीकरण होतं. मग काही हुशार मुलं म्हणतात, वर्गसमीकरणाची उत्तरं दोन, म्हणून अपुरं. थांबा! त्यातलं एक उत्तर ५० आणि दुसरं उणे ६०. गाडीचा वेग उणे कसा असेल? म्हणजे उत्तर एकच. विधान २ मधूनही ५० आणि उणे ४० येतात, तिथेही उपयोगाचं एकच. उत्तर पर्याय ४.

खरं तर एवढंही सोडवायची गरज नाही. नुसता विचार करा. ठरावीक अंतरावर वेग १० ने वाढवल्याने जो वेळ वाचतो, तो मूळ वेग जास्त असेल तर कमी वाचतो आणि मूळ वेग कमी असेल तर जास्त वाचतो. म्हणजे '३० मिनिटं वाचली' हे एकाच वेगाला लागू पडणार. झालं, पुरेसं! पेन न उचलता. माझ्या रूममेटला बावीस मिनिटं लागली होती ती अशाच ठिकाणी, मुळं काढण्यात.

उदाहरण पाचवं : बस थांबते त्याचं काय?

प्रश्न : बस दर तासाला सरासरी किती मिनिटं थांबते?
विधान १ : थांबे वगळून बसचा सरासरी वेग ताशी ५४ किमी आहे.
विधान २ : थांबे धरून सरासरी वेग हा थांबे वगळून असलेल्या वेगाच्या पाच-षष्ठांश आहे.

विधान १ एकटं तर काहीच सांगत नाही. विधान २ बघा. थांब्यांमुळे तासाभरात एक-षष्ठांश अंतर कमी कापलं जातं, म्हणजे तासाचा एक-षष्ठांश वेळ बस उभी होती. १० मिनिटं. ५४ या आकड्याला कुणी विचारलंच नाही! उत्तर पर्याय २. पुन्हा तेच, प्रमाण मिळालं की काम झालं.

एक अवघड सवाल, खुद्द आइनस्टाइनला घातलेला

मॅक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आइनस्टाइनला पत्रातून एक कोडं घातलं होतं. एक जुनी मोटार एक मैल चढ ताशी १५ मैलांनी चढते. पुढचा एक मैल उतार आहे. पूर्ण दोन मैलांचा सरासरी वेग ताशी ३० मैल यावा म्हणून तिने उतारावर किती वेगाने जायला हवं? पटकन ४५ म्हणावंसं वाटतं. पण हिशेब करा. दोन मैल ताशी ३० ने म्हणजे एकूण ४ मिनिटं. आणि चढाचा एक मैल ताशी १५ ने म्हणजे तिथेच ४ मिनिटं संपली! उतारासाठी वेळच शिल्लक नाही. कितीही पळवा, जमणार नाही. आइनस्टाइननेही उत्तरात कळवलं होतं की प्रत्यक्ष हिशेब केल्यावरच ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. मग आपण पाठांतरावर विसंबून कसं चालेल?

यातून एक नियम मिळतो. अर्धं अंतर एका वेगाने कापलं की पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग त्या वेगाच्या दुपटीपर्यंत कधीच पोचत नाही.

बाहेरचं ज्ञान बाहेरच : लातूरची पाण्याची रेल्वे

आता मघाचा मुद्दा. डेटा सफिशियन्सीमध्ये फक्त दिलेली माहिती वापरायची. आपल्याला गावाची अंतरं माहीत आहेत म्हणून ती मनातून घालायची नाहीत. हे समजावताना मी नेहमी 'जलदूत'चं उदाहरण देते.

मी लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात मी पाचवीत होते. त्या मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचा आदेश लावावा लागला होता, एवढी वेळ आली होती. मग ११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून १० वॅगनची पाण्याची गाडी निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. सुमारे ३४० किमी, सुमारे १८ तास, सुमारे ५ लाख लिटर पाणी. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी १९ किमीच्या आसपास. सायकलवाल्याने जोर लावला तर त्याचाही तेवढा येईल!

आता प्रश्न बघा. जलदूतच्या पहिल्या फेरीचा सरासरी वेग किती? विधान १ : मिरज ते लातूर सुमारे १८ तास लागले. विधान २ : गाडीला १० वॅगन होत्या. लातूरकर लगेच म्हणेल, विधान १ पुरेसं, अंतर आम्हाला माहीत आहे. नाही! अंतर दिलेलं नाही. उत्तर पर्याय ५.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. रेल्वेने लातूरला दररोज सरासरी किती पाणी मिळेल? विधान १ : एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येतं. (त्याच महिन्यात पुढे ५० वॅगनची, तेवढ्या पाण्याची गाडी आली होती.) विधान २ : गाडीचा सरासरी वेग ताशी ३० किमी आहे, असं समजा. दोन्ही मिळून पुरेसं आहे का? अंतर किती? मिरजेला गाडी भरायला किती वेळ? लातूरला रिकामी करायला किती? एकच गाडी आहे की दोन? रिकामी गाडी परत जाते त्याचा वेळ धरला का? यातलं काहीच नाही. पर्याय ५.

म्हणजे गाडीचा वेग दुप्पट केला तरी नळाला पाणी दुप्पट येत नाही. भरण्या-उपसण्याचा वेळ तसाच राहतो. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३.८ लाखांच्या वर होती. तिने भागलं तर पहिल्या गाडीचं पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास, आणि ५० वॅगनच्या गाडीचं साडेसहा लिटर. गाडी आल्याचा आनंद अगदी खरा होता, आम्ही सगळ्यांनी तो पाहिला आहे. पण शहराला पाणी पुरेल का, हे कळायला गाडी आली एवढीच माहिती पुरेशी नव्हती. आपण इंजिनियर होणार आहोत. उद्या असाच एखादा आराखडा आपल्या टेबलावर येईल, तेव्हा त्यात कोणता आकडा नाही हे आपल्याला दिसलं पाहिजे. हे शिकवणारा दुसरा प्रश्नप्रकार मला तरी माहीत नाही.

सोडवायची पद्धत, पाच पायऱ्यांत

१. आधी फक्त प्रश्न वाचा आणि स्वतःला विचारा, मला नेमकं काय मिळालं तर उत्तर येईल? एकूण अंतर आणि एकूण वेळ, की नुसतं प्रमाण?
२. विधान २ हाताने झाका. फक्त विधान १ वर निर्णय घ्या. पुरेसं असेल तर आता फक्त पर्याय १ किंवा ४. नसेल तर २, ३ किंवा ५.
३. आता विधान १ झाका. ते पूर्ण विसरा. हेच सगळ्यात अवघड आहे, कारण वाचलेलं डोक्यातून जात नाही. फक्त विधान २ वर निर्णय घ्या.
४. दोन्ही एकएकटी नापास झाली तरच एकत्र करा. त्याआधी नाही.
५. शंका असेल तर दोन उत्तरांची परीक्षा घ्या. दोन वेगळी उत्तरं निघाली की अपुरं.

एका प्रश्नाला दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. आणि उत्तर 'निघेल' हे कळलं की तिथेच थांबा. ५१.४२ येतं की ५१.४३, याचे मार्क नाहीत.

आता तुम्ही करून बघा

प्रश्न १ : उदगीर ते लातूर जाऊन त्याच रस्त्याने परत. सरासरी वेग किती? विधान १ : जायला यायच्या दीडपट वेळ लागला. विधान २ : जातानाचा वेग ताशी ४० किमी होता.

प्रश्न २ : मोटारसायकलने अर्धं अंतर ताशी ३० किमीने कापलं. उरलेल्या अर्ध्या अंतराचा वेग किती? विधान १ : पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ताशी ४० किमी. विधान २ : उरलेल्या अर्ध्या अंतराला पहिल्याच्या निम्मा वेळ लागला.

प्रश्न ३ : किनवटला जाताना थांबे धरून गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किमीपेक्षा कमी होता का? विधान १ : गाडीचा वेग कधीही ताशी ४० किमीच्या वर गेला नाही. विधान २ : गाडी वाटेत २० मिनिटं थांबली.

प्रश्न ४ : दोन मैत्रिणी एकाच वेळी, एक नांदेडहून आणि एक लातूरहून, एकाच रस्त्याने समोरासमोर निघाल्या. दोघींचे वेग कायम आहेत. त्या किती वेळाने भेटतील? विधान १ : दोघींच्या वेगांची बेरीज ताशी ९० किमी. विधान २ : एकीचा वेग दुसरीच्या दुप्पट.

उत्तरं : प्रश्न १, पर्याय ३ (येतानाचा वेग ६०, सरासरी ४८). प्रश्न २, पर्याय ४ (दोन्हीकडून ६०). प्रश्न ३, पर्याय ३ (नुसतं विधान १ घेतलं तर वेग सतत ४० असू शकतो, थांबल्यावर मात्र तो नक्की कमी होतो). प्रश्न ४, पर्याय ५ (अंतर दिलेलंच नाही, मनातलं घालू नका!).

रूममेटची आताची वेळ सांगू? दहा प्रश्नांना अकरा-बारा मिनिटं. अजून कमी होईल असं ती म्हणते. मराठी मीडियममधून आलेल्या ज्युनियर्सनी बिनधास्त लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये यावं, रात्री नऊनंतर आम्ही दोघी तिथेच असतो. मुलांनी लायब्ररीत शनिवारी दुपारी गाठावं. आणि स्टाफपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. टेस्टच्या तयारीत एखादा तास सूचना मराठीतून समजावण्यासाठी द्यावा. गणित आमच्या मुलांना येतं, फक्त काय विचारलंय ते एकदा आपल्या भाषेत कळलं पाहिजे.

येणाऱ्या सीझनसाठी सगळ्यांना ऑल द बेस्ट!